खंडेनवमीला बसवलेला शाफ्ट

मिस्त्रीच्या तोंडावर मी हातोड्याचा दांडा मारला, हे आधीच लिहून टाकतो. पत्रकं लिहून लिहून हाताला एक वळण लागतं. दुसऱ्याचा गुन्हा मथळ्यात, ठळक टाइपात; आपली चूक शेवटी, तीही जागा उरली तर. या वेळी तसं करायचं नाही, असं ठरवून बसलोय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेवीस वर्षांचा होतो, नारायणगावात एका खोलीत राहायचो आणि आमच्या मजूर संघटनेची पत्रकं लिहायचो. संघटना म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. पंधरा-वीस माणसं, एक रबरी शिक्का आणि एक जुनी डिझेल जीप. जीप कुणीतरी भंगारात घालण्याऐवजी आम्हाला देऊन टाकली होती. तिचा तळ गंजून गेला होता. मागं पाय ठेवायच्या जागेला पत्रा उरलाच नव्हता, तिथं आम्ही टोमॅटोच्या खोक्यांच्या फळ्या ठोकल्या होत्या. चालवायला एक काका होते, आयुष्यभर ट्रक चालवलेले. चालवण्यात पक्के, दुरुस्तीत मात्र पंक्चर आणि फॅनबेल्टच्या पुढं त्यांची मजल नव्हती.

त्या नवरात्रात शिनोलीच्या पुढच्या एका वाडीवर आमच्या माणसाला मारलं. तो शेतमजूर. आठ तासांच्या वर काम नाही, असं सांगणारं आमचं पत्रक त्यानं तिथल्या बागायतदाराच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर चिकटवलं होतं. बागायतदार आणि त्याचा पुतण्या, दोघांनी मिळून काठ्यांनी त्याचे दोन्ही हात मोडले आणि शेवटी जबडा मोडला. त्याला पुण्याला हलवलं. तोंड तारांनी बांधलेलं, हात प्लॅस्टरमध्ये. बोलता येईना, लिहिता येईना. आणि वाडीभर एकच बोलणं, की गडी ट्रॉलीवरून पडला. पत्रक माझं होतं. वाक्यं माझी होती. मार त्यानं खाल्ला.

बघितलं सगळ्यांनी होतं. सांगायला तयार झाली एकटी एक बाई, सगळे तिला मावशी म्हणायचे. ती शेजारच्या बांधावर गवत कापत होती. पन्नाशीची, नवरा नाही, मूल नाही, त्याच बागायतदाराच्या वावरात राबणारी. ठाण्यात येऊन सगळं सांगते म्हणाली, पण एक अट घातली.

"दसऱ्याच्या आधी न्या मला. दसऱ्याला त्याच्या हातात सोनं दिलं का माज्या तोंडातून शब्द निघायचा न्हाई."

त्या वाडीची रीत अशी, की दसऱ्याच्या संध्याकाळी झाडून सगळी माणसं बागायतदाराच्या ओट्यावर आपट्याची पानं घेऊन जायची. पाया पडायचं. तो उठवून छातीशी धरायचा आणि म्हणायचा, झालं गेलं विसरा. मग खरंच विसरायचं. त्यानंतर जुनं उकरून काढणारा माणूस वाडीला हरामखोर वाटायचा. तुम्ही जाऊच नका ना सोनं द्यायला, असं मी मावशीला सांगून बघितलं. ती अर्ध्यावरच उठून पदर खोचायला लागली. मी भाषण आवरतं घेतलं.

तिला आणायला गाडी आमचीच लागणार होती. त्या रस्त्यावर माणसं भरणाऱ्या जीपा होत्या, पण त्या बागायतदाराच्या भावकीच्या. तिला ठाण्यात न्यायला त्यातली एकही थांबली नसती.

आणि अष्टमीच्या संध्याकाळी मंचरहून येताना आमची जीप खालून ठोके द्यायला लागली. गिअर टाकला की ठण्‌, सोडला की ठण्‌. काकांनी रस्त्याकडेला घेतली, खाली वाकून शाफ्ट हातानं हलवला, तर तो बोटभर खुळखुळत होता. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांच्या धुरीपर्यंत जाणारा हा लोखंडी दांडा. तो फिरतो म्हणून मागची चाकं फिरतात. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो, अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, म्हणजे गाडी खड्ड्यात वरखाली झाली तरी दांडा वळतो, मोडत नाही. आमच्या शाफ्टचा मागचा क्रॉस झिजून गेला होता. रांगत रांगत गाडी नारायणगावात आणली आणि हायवेच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्रीकडं लावली. चाळिशीचा माणूस, मनगटं माझ्या पोटऱ्यांएवढी. त्यानं तासाभरात शाफ्ट उतरवला, झिजलेला क्रॉस ठोकून बाहेर काढला आणि सांगितलं, सकाळी आठला नवा क्रॉस घेऊन या, पूजेच्या आधी बसवून देतो. उद्या खंडेनवमी हाय, ध्यानात ठेवा.

ध्यानात होतं. पण सकाळी मी छापखान्यात बसलो होतो. मारहाणीच्या निषेधाचं नवं पत्रक निघत होतं आणि मथळ्यात एक शब्द मला बोथट वाटत होता. तो बदलला, परत जुळवायला लावला, परत वाचला. मग पेठेतल्या शेटजींच्या दुकानातून क्रॉस घेतला. शेटजींनी माप दोनदा ताडून बघितलं, वर सणाचा पेढाही हातावर ठेवला. शेडवर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

हत्यारं बसली होती. गोणपाटावर पांढरं धोतर, त्यावर पाने, हातोडा, छिन्नी, पक्कड, सगळी रॉकेलनं धुऊन चकचकीत, प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. कडेला आमचा शाफ्ट, दोन तुकड्यांत. नारळ फुटला होता. काका एका कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते, म्हणजे त्यांची विनवणी करून झाली होती.

मिस्त्री म्हणाला, "आठला या म्हनलं व्हतं. आता उद्या दुपारी उठत्यात हत्यारं."

मी त्याला सगळं सांगितलं. माणूस, काठ्या, जबडा, मावशी, दसरा. त्यानं ऐकून घेतलं, ऐकलं नाही असं म्हणणार नाही. वाईट झालं म्हणाला. दुसरी गाडी बघा म्हणाला. खंडेनवमीला कुठली गाडी? सगळ्या धुऊन, हार घालून दारात उभ्या. मी म्हणालो, तिकडं माणसाचे हात मोडलेत आणि इथं तुझे पाने पाटावर बसलेत. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मंग आठला का नाय आले पत्रकवाले? मथळा सुचंना व्हय?"

त्याला कसं कळलं कुणास ठाऊक. अंदाजानं बोलला असेल. पण ते इतकं बरोबर बसलं, की माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. मी वाकलो आणि धोतरावरचा हातोडा उचलला. फूल खाली पडलं. त्यानं हातोड्याचं तोंड पकडलं. मी ओढला, त्यानं ओढला, आणि मग मी ओढायचं सोडून दांडा वर रेटला, सरळ त्याच्या तोंडावर. हात निसटला, असं मी नंतर संघटनेच्या बैठकीत सांगितलं होतं. निसटला नव्हता. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून धोतरावर गळलं. पुढच्या क्षणाला त्याची मूठ माझ्या बरगडीत होती. श्वासच थांबला. त्यानं गळपट्टी धरून मला ऑइलच्या पिंपावर आपटलं, एकदा, परत एकदा, डोक्यात पत्र्याचा आवाज घुमत राहिला. मी त्याच्या मांडीला चावलो. हेही लिहायला हवं. मजुरांच्या हक्कासाठी लढणारा कार्यकर्ता, आणि कुत्र्यासारखा चावला. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं ग्लास हातात धरून बघत होती. काकांनी मधे पडून दोन्हीकडून फटके खाल्ले, तेव्हा आम्ही सुटलो.

मिस्त्री टायरवर जाऊन बसला. थुंकला. मग म्हणाला, "घे. आता घेच तू हत्यारं. कर तुज्या हातानं. मी बोट लावनार नाय."

मी घेतली. आधी रॉकेलचा बोळा घेऊन एकेका हत्यारावरचं हळदकुंकू खसाखसा पुसून काढलं, तो बघत असताना, त्यानं बघावं म्हणूनच. मग शाफ्टकडं वळलो. त्याच्या दोन्ही तुकड्यांवर कुंकवाची एकेक जाड रेघ ओढलेली होती.

तो बसल्या जागेवरून म्हणाला, "शाफ्टावरचं कुंकू पुसू नको."

मी म्हणालो, देव काय शाफ्टात राहतो? आणि घासून घासून पुसलं, लोखंड पांढरं होईपर्यंत. तो काहीतरी बोलणार होता. फाटलेल्या ओठावर हात ठेवला आणि हायवेकडं तोंड करून बसला.

ती रेघ देवाची नव्हती. दसरा झाल्यावर मिस्त्रीनंच मला ते सांगितलं, आवाज न चढवता, गाडीखाली आडवं पडल्या पडल्या. शाफ्टचे दोन तुकडे दात्यांवर एकमेकांत सरकतात आणि कुठल्याही बाजूनं घातले तरी बसतात. पण दोन्ही टोकांची, क्रॉस धरणारी बेचकी एका रेषेत आली तरच शाफ्ट गुमान फिरतो. चुकली, तर दर फेऱ्याला झटका. म्हणून तुकडे वेगळे करताना दोन्हींवर मिळून एक खूण करतात. एरवी तो छिन्नीचा घाव घालायचा. त्या सकाळी दात्यांना ग्रीस लावायला तुकडे हातानं ओढून वेगळे केले, तेव्हा छिन्नी पूजेत बसली होती. समोर कुंकवाची वाटी होती. त्यानं बोट बुडवलं आणि रेघ ओढली. "येकदा सांगितलं व्हतं. दुसऱ्यांदा सांगायला तोंड कुटं ठिवलं व्हतं तू," असं तो म्हणाला, आणि माझ्याकडं पाना मागितला.

हत्यारांच्या पूजेबद्दल माझं मत तेव्हा होतं तेच आजही आहे. लोखंडाला सुट्टी आणि ते चालवणाऱ्या माणसाला बारा महिने राबणूक, ही पूजा मला मान्य नाही. पण त्या दिवशी मी जे पुसलं ते अंधश्रद्धा नव्हतं. ते एका कारागिराचं काम होतं, आणि त्याला मी विचारलंसुद्धा नाही, का पुसू नको म्हणून. मजुराचं ऐका, असं पत्रकात दर चार ओळींनी लिहिणाऱ्यानं.

नवा क्रॉस मी ठोकून बसवला. ठोकून म्हणजे अक्षरशः. क्रॉसच्या चार टोकांवर चार टोप्या बसतात, प्रत्येक टोपीच्या आत सुईसारख्या बारीक सळ्या, आणि टोपी पूर्ण आत गेली की बाहेरून लोखंडी कडीचं लॉक. तीन टोप्या गेल्या. चौथी अर्धा दोरा, म्हणजे नखाच्या जाडीएवढी, बाहेर राहिली. आत एखादी सुई आडवी पडली असणार; मिस्त्री असता तर टोपी काढून बघितली असती. मी हातोडा मारला. काका म्हणाले, दमानं. मी आणखी जोरात मारला. बरगडी दुखत होती, त्या प्रत्येक कळेचा राग त्या टोपीवर काढला. लॉक खाचेत नीट बसलं नाही, अर्धवट अडकलं. बसलं, असं मी म्हणालो. तुकडे एकात एक घातले, जसे गेले तसे. काकांनी बोल्ट आवळले.

मंचर सोडलं आणि तळ थरथरायला लागला. चाळीसच्या वर काटा गेला की सगळी जीप दात वाजवल्यासारखी वाजायची. काका म्हणाले, "भाऊ, खालून कोनीतरी बुक्क्या मारतंय. थांबू का?" मी नाही म्हणालो. घोडेगावच्या अलीकडं त्यांनी परत विचारलं. मी म्हणालो, तुम्हाला भीती वाटत असेल तर उतरा, मी चालवतो. मला चालवता येत नव्हतं.

मावशी वाडीच्या बाहेर ओढ्याशी उभी होती. धुतलेलं लुगडं, काखेत पिशवी. मागं बसली, दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून, पाय फळ्यांवर. चार वाजत आले होते. घोडेगावचं ठाणं आता अर्ध्या तासावर होतं. मी पुढं बसून तिला समजावत होतो, काय विचारतील, काय सांगायचं. ती म्हणाली, मला म्हाईत हाय काय सांगायचं ते, म्या बघितलंय.

शिनोलीच्या पुढं उतार लागला तिथं आवाज झाला. आधी एक बारीक टिंग, टोपी उडाल्याचा. मग खालून कुणी घण घालावा तसा पहिला दणका. शाफ्टचं मागचं टोक सुटलं होतं आणि पुढून इंजिन त्याला फिरवतच होतं. मोकाट सुटलेला मणभर दांडा गाडीच्या पोटात गरगरा आपटत होता, डांबराला, चेसीला, परत डांबराला. दोन दणके, तीन. चौथ्याला फळ्या फुटल्या. ढलप्या वर उडाल्या, आणि त्यांच्यामधून लोखंड आत आलं आणि मावशीच्या नडगीवर बसलं. हाड मोडल्याचा आवाज त्या सगळ्या गदारोळातून मला वेगळा ऐकू आला. काकांनी ब्रेक दाबला तर पाय सरळ तळाला. ब्रेकची नळी तुटली होती. त्यांनी गाडी भाताच्या बांधावर घातली. माझं कपाळ काचेवर फुटलं. इंजिन बंद पडलं.

मावशीनं दांडी सोडली नव्हती. पायातून पांढरं हाड बाहेर दिसत होतं आणि पिशवी रक्तात भिजत होती. मी तिचा पाय माझ्या शर्टात बांधला, गाठ काकांनी मारली.

रस्त्यावर पहिली आलेली गाडी बागायतदाराची. सणासाठी ऊस बांधलेली, पुढं झेंडूचं तोरण, पुतण्या स्वतः चालवत होता. उतरला, बघितलं आणि समजला. मावशीला म्हणाला, "मावशे, कुनाच्या नादी लागलीस बग. चल, मी नेतो दवाखान्यात."

ती म्हणाली, "नगं. त्याच्या गाडीत नगं." माझ्याकडं बघून म्हणाली.

दुसरी गाडी कधी येईल सांगता येत नव्हतं. रक्त थांबत नव्हतं. मीच तिला उचललं आणि त्याच्या गाडीत ठेवलं. ती माझ्या दंडाला नखं रोवून होती. ज्याच्याविरुद्ध ती साक्ष द्यायला निघाली, त्याच्याच गाडीत मी तिला माझ्या हातांनी बसवलं. वाटेत पुतण्या तिच्याशी गोड बोलत होता. उद्याचा सण, आमच्या बागायतदार काकांनी तुझी चौकशी केली, औषधाचं काही मनात आणू नको. मी मागं बसून ऐकत होतो. मनात एकच, की संपलं. आता ही बोलणार नाही. आणि न बोलण्याचं कारण मी तिला दिलं.

घोडेगावच्या दवाखान्यात पाय तात्पुरता बांधला, सुई दिली. अपघात म्हणून ठाण्यातून हवालदार आला. खाटेच्या एका बाजूला पुतण्या, हातात मोसंबीची पिशवी. दुसऱ्या बाजूला काका आणि मी. हवालदारानं स्टूल ओढलं, कागद मांडीवर घेतला आणि विचारलं, बाई, कसं झालं?

मावशीनं डोळे उघडले. पुतण्या म्हणाला, मावशे, उद्या सण हाय, सांभाळून.

ती म्हणाली, "उद्या मला कसं येता येतंय सोनं द्यायला? पाय बग की." मग हवालदाराकडं वळली. "आदी काठीचं लिवा. मंग लोखंडाचं."

हवालदाराला कळेना. तिनं सांगायला सुरुवात केली. बांध कुठला, वेळ कुठली, पत्रक कुणी फाडलं, पहिली काठी कुणाची. पुतण्या मधे बोलला, ही शुद्धीत नाही, सुई दिलीय. हवालदारानं त्याला बाहेर थांबायला सांगितलं. त्याला ही नवमी अवघड गेली असणार, पण त्यानं लिहिलं. ती प्रत्येक काठीला एकेक बोट मुडपत होती. डावा हात. उजवा हात. पडल्यावर तोंडावर. मारणारा प्रत्येक वेळी नावानं.

मग लोखंडाचं. हवालदार थकला होता. गाडी जुनी, यांत्रिक बिघाड, असं लिहितो म्हणाला. काकांच्या जिवात जीव आला. सगळ्यांच्याच सोयीचं होतं. मी तोंड उघडलं तेव्हा बरगडीत कळ येत असल्यानं शब्द धड येत नव्हते. बिघाड नाही, म्हणालो. शाफ्ट मी बसवला. मिस्त्रीला मारून त्याची हत्यारं घेतली आणि चुकीचा बसवला. काकांनी दोनदा थांबू का विचारलं, मी थांबू दिलं नाही.

"तुम्ही मेकॅनिक?"

"नाही."

"मग करता काय?"

पत्रकं लिहितो, असं मी सांगितलं. त्यानं धंदा या रकान्यात आडवी रेघ मारली आणि माझ्यापुढं कागद सरकवला. मी सही केली.

मावशीनं अंगठा लगेच उठवला नाही. सगळं परत वाचून दाखवा म्हणाली, माझं लोखंडाचं नाही वाचलं तरी चालेल, त्या गड्याचं वाचा. हवालदार वाचत गेला. मधे तिनं हात वर करून त्याला थांबवलं. उजव्या हातावर तीन काठ्या होत्या, त्यानं दोन लिहिल्या होत्या. त्यानं दोनचे तीन केले, कडेला सही केली. मग तिनं अंगठा शाईत बुडवला.